एक बी शिल्लक

माझे खुळखुळे कोणी उघडले होते, हे बावीस वर्षांत या घरात मला कोणी सांगितलेले नाही. आधी ते लिहिते. नाव, गाव, वय नंतर.

वकील म्हणाले, "काकू, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते."

मी म्हटले, "मरायचंय कोणाला? मलाच ना? मग माझी अशीच असते."

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहा म्हणाले. कायद्याचे शब्द त्यांनी वेगळ्या कागदावर काढून दिले आहेत, ते मी बघून बघून घातले आहेत. बाकीचे माझे. हे घर कोणाला जाणार ते एका उत्तरावर ठरणार आहे. घराचे कलम शेवटी आहे. पाने उलटून कोणी आधी तिथे जाऊ नये. वकिलांनी सगळे ओळीने, मोठ्याने वाचायचे आणि घरातल्या सगळ्यांनी बसून ऐकायचे. मी हयातीत तुमचे पुष्कळ ऐकले.

आता रीतीप्रमाणे. मी, खुळखुळेवाली, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, धंदा खुळखुळे, खंजिऱ्या, झांजा व हातात मावतील ती वाद्ये करणे, दुरुस्त करणे आणि पूर्वी वाजवणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरात, पुढच्या खोलीत बसून, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. ते आहे की नाही हे बघायला सुनेने गेल्या महिन्यात डॉक्टर आणले होते. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत येऊन थांबले. सून शेजारी उभी राहून बोटांवर मोजत होती, ती श्याऐंशीलाच अडकली. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डावा कान गेला आहे, उजवा शाबूत आहे, आणि आमच्या धंद्यात एक खरा कान पुरतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर त्याला बाहेर बसवावे.

कलम एक. माझी हत्यारे, म्हणजे बारीक आरी, तीन कानशी, कॉर्कांची बरणी, मेणाच्या वड्या, वाळलेले भोपळे (आज मोजले, सतरा), कर्दळीच्या बियांचा डबा, काचेचे मणी, शिशाचे छर्रे, पत्र्याच्या चकत्या आणि हे सगळे ज्यात आहे ते कपाट, माझ्या नातीला द्यावे. ती एकोणीस वर्षांची आहे आणि या घरात तिलाच ऐकू येते. बाकीच्यांना फक्त कान आहेत. पोरी, तुला हे नीट सांगायचे राहिले, म्हणून इथे सांगते. वकिलांनी हेही वाचायचे, गाळायचे नाही.

खुळखुळा घ्यायला गेलीस तर दुकानात जो गोड लागतो तो घेऊ नकोस. दुकानाला चार भिंती असतात, चार भिंतींत सगळेच गोड. दुकानदाराच्या हातात दे, वाजवायला लाव, आणि तू रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहा. पलीकडे जे पोचते ते खरे.

पोटात दाणे चौथाईच्या वर नकोत. भरल्या पोटाचा खुळखुळा भरल्या पोटाच्या माणसासारखा, हलतो पण बोलत नाही. बारीक दाणा कुजबुजतो, तो हळू गाणाऱ्या गळ्याला. जाड दाणा ओरडतो, तो मैदानात. आत दाणे घातलेली प्लास्टिकची अंडी मिळतात, त्यांना नाक मुरडू नकोस. मुठीत आवळलीस तर आवाज दबतो, तीन बोटांवर ठेवलीस तर सुटतो. एका अंड्यात दोन वाद्ये आहेत, ज्याला बोटे आहेत त्याला. छोट्या झांजा तोंडाला तोंड लावून आपटायच्या नाहीत, आत हवा कोंडते आणि आवाज जागीच मरतो. कडेवर कड, जराशी तिरकी. लोखंडी त्रिकोण जाड दोरीला टांगलास तर तो मुका होतो, बारीक नायलॉनला टांग. खंजिरीवर अंगठा फिरवायचा तर काठाला आधी मेण लाव. थुंकी लावणारे वाजवणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांची खंजिरी दुसऱ्याने हातात घेऊ नये.

आणि मुख्य. हात हलवला की वाजले असे ज्याला वाटते त्याने खुळखुळा पाळण्यावर बांधावा. हात पुढे जातो, दाणे मागून येतात, भिंतीवर आदळतात, तेव्हा आवाज. म्हणून हात ठोक्याच्या किंचित आधी थांबवायचा. थांबवणे हेच वाजवणे. हलवायला काय, म्हैससुद्धा शेपूट हलवते.

कलम दोन. माझ्या यजमानांचा ढोल माळ्यावर आहे. त्याची पाने, म्हणजे दोन्ही तोंडांची कातडी, फाटली आहेत, लाकडी खोड चांगले आहे. तोही नातीला. हे तीस वर्षांपूर्वी गेले. माणूस वाईट नव्हता. लग्न झाल्यावर मला म्हणाले, "खुळखुळा काय, पोरं रडायची थांबवायला असतो." ते ध्वनिमुद्रणाच्या हॉलमध्ये ढोल वाजवायला जात. एकदा तिथला खुळखुळेवाला आजारी पडला, दुसरे कोणी मिळेना, तेव्हा सगळ्या वादकांना वाजवायला लावणाऱ्या मास्तरांसमोर मान खाली घालून यांना सांगावे लागले, "घरी बायको आहे, तिला येतं." मी सव्वीस वर्षांची होते. त्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसले ती सव्वीस वर्षे उठले नाही. हे माझ्या आधी गेले, पण जाण्याआधी एकदा म्हणाले होते, "तू थांबतेस ना, तेव्हा मला माझा ढोल ऐकू येतो." तेवढ्यावर मी संसार चांगला झाला असे धरते.

कलम तीन. हॉलचे मास्तर हयात असतील तर त्यांना माझा चिरलेला लाकडी ठोकळा द्यावा. त्यावर कुठेही मारले तरी एकच आवाज येतो, "थक". त्यांना तोच एक आवाज कळत असे.

कलम चार. समोरचा शिंपी तीस वर्षे माझ्या खडखडाटाबद्दल कुरकुर करत आला आणि मी त्याच्या मशीनबद्दल. त्याला खंजिरी द्यायची होती, पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. हे ऐकून त्याला सुटल्यासारखे झाले, ते मी पाहिले.

कलम पाच. बँकेत जे काही निघेल त्यातून माझा शेवटचा खर्च करावा व उरेल ते नातीच्या शिक्षणाला लावावे. सुनेला माझी औषधांची पेटी द्यावी. गोळ्या तिनेच वेळेवर दिल्या, हे खरे आहे आणि लिहायला मला जड जात नाही. फक्त दर गोळीबरोबर एक भाषण दिले, ते परत न्यावे.

कलम सहा. आता माझी जोडी.

मी चोवीस वर्षांची असताना परसात एकाच वेलावर लागलेल्या दोन भोपळ्यांचे खुळखुळे केले. वाळायला एक वर्ष गेले. दांड्याला खाली भोक, भोकाला कॉर्क, कॉर्कावर लाल मेण. आत कर्दळीच्या काळ्या बिया. उजव्यात एक्केचाळीस, डाव्यात तीस. चूक म्हणून नाही, मुद्दाम. सहा महिने घालत-काढत बसले तेव्हा हे आकडे बसले. उजवा विचारतो, डावा उत्तर देतो. दोघांनी एकच बोलायचे असते तर एकच पुरला असता. आकडे मी कोणाला सांगितले नव्हते, पण जोडी सारखी नाही हे वाजवणाऱ्या कोणालाही पहिल्या ठोक्याला कळते.

बावीस वर्षांपूर्वी एका मोठ्या गाण्याचे ध्वनिमुद्रण होते. सगळे वादक एका खोलीत, एका दमात, मध्ये कापाकापी नाही. गाणे एका नामवंत गायिकेचे, अगदी हळू, आणि पहिल्या दोन ओळींत त्यांच्या गळ्यामागे फक्त माझे खुळखुळे. आदल्या दिवशी माझी धाकटी बहीण घरी आली होती. ती हॉलमध्ये माझ्या शेजारी खंजिरीला बसत असे, मीच तिला शिकवून आणले होते. मी आत चहा टाकायला गेले, ती पुढच्या खोलीत एकटी बसली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. ती वीस मिनिटे मी पुढे बावीस वर्षे चघळली.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून जोडी काढली आणि सुरुवात केली. हात माझा, खुर्ची माझी, आणि आवाज परक्याचा. उजवा विचारेना, डावा उत्तर देईना, दोघे शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात पाढे म्हणत होते.

"बाई, पुन्हा," मास्तर मला म्हणाले.

पुन्हा. मग पुन्हा. मला वाटले मनगट गेले. चौथ्या वेळी मास्तरांनी कानावरचे काढून ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, वय कोणाला सुटलंय? तुम्ही आज ऐका नुसतं. धाकट्या बाई, तुम्ही घ्या खुळखुळे."

मी बावन्न वर्षांची होते.

धाकटी म्हणाली, "ताई बसेल. मी नाही बसत."

"वेळ नाही," मास्तर म्हणाले.

ती बसली. स्वतःची जोडी काढली, वाजवले, गाणे झाले, गाणे गाजले. ती नाही म्हणाली होती हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते. बावीस वर्षे मी सगळ्यांना एवढेच सांगत आले की ती बसली.

अकरा महिने मी जोडीला हात लावला नाही. नाचता येईना अंगण वाकडे असे लोक म्हणतील, म्हणून वाद्याला दोष दिला नाही, मनगटाला दिला. तेल चोळले, पट्ट्या बांधल्या. मग एका दुपारी चिडून मेण फोडले आणि बिया ताटात ओतल्या. उजव्यात पस्तीस. डाव्यात पस्तीस.

कोणीतरी बसून मोजून वाटण्या केल्या होत्या. वरून त्याच लाल रंगाचे मेण.

मी असा विचार केला. जोडी सारखी नसते हे वाजवणाऱ्याला कळते. म्हणजे वाजवणाऱ्याने ती सारखी केली तर ती दुष्टाव्यानेच केली. घरात येऊन एकटी बसलेली वाजवणारी एकच, आणि खुर्ची मिळाली तीही तीच. मला चौथी पास डोक्याने एवढे पुरले. न वाजवणारे माणूस हेच काम चांगुलपणाने करील, हे माझ्या डोक्यात आले नाही. एक्केचाळीस आणि तीस एकाहत्तर होतात, पस्तीस आणि पस्तीस सत्तर होतात, मग एक बी कुठे गेली, हे मात्र त्याच दुपारी डोक्यात आले होते. जमिनीवर पडली असेल म्हणून मी सोडून दिले. तिथेच चुकले.

माझा मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा, नवीनच औषधांचे दुकान टाकलेला. त्याला म्हटले, "स्कूटर काढ, मला हॉलवर सोड." त्याने "का?" विचारले. मी ताट दाखवले. त्याने ताटाकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि स्कूटर काढली.

हॉलमध्ये अठरा वादक बसले होते. मी सरळ धाकटीसमोर गेले आणि म्हणाले, "चोर. माझ्या जोडीचं पोट फाडून माझी खुर्ची खाल्लीस."

"ताई, काय बोलतेस? मी हात नाही लावला गं. शपथेवर सांगते."

"शपथा चोरच घेतात."

"ताई, तू मला मारलं असतंस तरी चाललं असतं. हे नको बोलूस. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. त्यासाठीच आलेय."

उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी. मुलगा दारात उभा होता. हेल्मेटची पट्टी लावत होता आणि काढत होता, लावत होता आणि काढत होता. परत येताना रस्त्यात एवढेच म्हणाला, "आई, जाऊ दे ना. झालं ते झालं." मला वाटले लेकरू माझी समजूत घालते आहे.

पुढे सांगण्यासारखे थोडे आहे. मी जोडी पुन्हा भरली. एक बी कमी पडली ती डब्यातून नवीन घातली. मास्तरांनी बोलावले नाही, मी गेले नाही. पुढच्या खोलीत वाद्ये करून विकू लागले. धाकटीला कोणी तोंडावर काही बोलले नाही, पण तिच्या शेजारच्या खुर्चीवर कोणी पिशवी ठेवीना. दोन महिन्यांत तिनेही हॉल सोडला. ती इथून चौथ्या गल्लीत, जिन्यावरच्या खोलीत एकटी राहते, पोरांना खुळखुळे शिकवते. बावीस वर्षांत आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. दुकानात समोर आली तर मी भाजी ठेवून परत येत असे.

चार महिन्यांपूर्वी मुलाने औषधांचे दुकान बंद केले. सामान घरी आले, त्यात त्याचा जुना पितळी तराजू होता, लाकडी पेटीचा, खाली छोटा खण असलेला. बारीक वजने मला बिया तोलायला बरी पडतील म्हणून मी खण ओढला. वजनांमागे एक पुडी होती. त्याच्याच हाताची घडी, दोनदा आत, एकदा बाहेर, टोक खोचलेले. अशा हजारो पुड्या बांधल्या आहेत त्याने, मी झोपेतही ओळखीन. वर त्याचे अक्षर: "आई. शिल्लक १." आत कर्दळीची एक बी.

त्याच्या दुकानात उरलेली गोळी कधी फेकत नसत. पुडीत घालत, वर नाव लिहीत, ठेवून देत. चांगली सवय. निष्काळजी असता तर सुटला असता.

मग मला सगळे बघितल्यासारखे दिसले. आईचा मोठा दिवस आहे. त्याने पहाटे जोडी हातात घेतली, एक हलका लागला. त्याला वाटले बिया गळल्या. दुकानात नेऊन तराजूत घातली, काटा एका बाजूला गेला. औषधवाल्याला काटा वाकडा बघवत नाही. त्याने दोन्ही उघडले, ओतले, मोजले, समान वाटले, एक उरली ती पुडीत बांधली, मेण लावले, आणि मी उठायच्या आत पिशवीत ठेवून दिले. आईला सांगून उपकार दाखवायचा नाही, एवढाही विचार केला असेल. वाद्यांच्या घरात वाढला आणि वाद्य तराजूत घातले. हे त्याने मायेने केले. मी हे लिहिते कारण ते खरे आहे, माफ केले म्हणून नाही. उघडले याबद्दल माझी तक्रार नाही. दारात उभा राहिला याबद्दल आहे.

पुडी मी होती तशी खणात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जेवताना विचारले, "काय रे, माझे खुळखुळे तू कधी उघडले होतेस का?"

तो पाणी प्यायला. पूर्ण पेला. मग म्हणाला, "कोणते खुळखुळे?"

खुळखुळ्यांवर वाढलेला माणूस विचारतो, कोणते खुळखुळे.

सून लगेच म्हणाली, "आई, यांना काय विचारता? यांना काल काय जेवले ते आठवत नाही."

"मी तुला विचारलं का गं?"

"मी आपलं सांगितलं."

"तू आपलंच सांगतेस. त्याचं त्याला सांगू दे."

त्याने ताट उचलले आणि आत गेला. मी पुन्हा विचारले नाही. मला सांगून काय होणार? मी ऐकले असते, चार दिवस धुमसले असते, आणि आपलेच दात आपलेच ओठ म्हणून गिळले असते. चोर मला कोणी म्हटले नव्हते.

कलम सात. मी माझ्या धाकट्या बहिणीला अठरा माणसांसमोर चोर म्हणाले, तो शब्द मी मागे घेते. वकिलांना विचारले, हे कोणत्या सदरात येते? ते म्हणाले, "काकू, शब्द स्थावर नाही आणि जंगमही नाही. मृत्युपत्रात तो देता येत नाही, परतही घेता येत नाही." मी म्हटले, "तरी लिहिते. तुम्ही खोडू नका." त्यांनी खोडले नाही. खाली त्यांची सही आहे ती या कलमालाही धरावी.

लोक म्हणतील, चार गल्ल्यांवर राहते, मग जाऊन का नाही सांगितले. गेले होते. पुडी सापडली त्या आठवड्यात काठी घेऊन गेले, जिन्याखाली पोचले. वर ती वाजवत होती. अंडी होती, तीन बोटांवर, दुसऱ्या ठोक्याला जरा आवळून. ते मीच तिला शिकवले होते, आणि ती ते माझ्याहून चांगले करते. मी अकरा पायऱ्या मोजल्या आणि परत आले. गुडघ्यांमुळे नाही. बावीस वर्षे शिव्या दिल्या तेव्हा तोंड होते, त्या दिवशी नव्हते. म्हणजे मीही दारातच उभी राहिले. मुलगा कोणावर गेला असा प्रश्न कोणाला पडला असेल तर हे त्याचे उत्तर.

कलम आठ. माझी जोडी, उजवा व डावा, कापडी पिशवीसह, धाकटीला द्यावी. तिने वाजवावी, टांगून ठेवावी की कचऱ्यात टाकावी, हा तिचा हक्क आहे. कोणी तिला समजवायला जाऊ नये.

कलम नऊ. घर. पुढची खोली, मागच्या दोन खोल्या, माळा व परसू, ही मिळकत यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती माझ्या मुलाला द्यावी, पण पुढील अटीवर.

माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत मुलाने ती पुडी घेऊन चौथ्या गल्लीत जायचे. अकरा पायऱ्या चढायच्या. मावशीसमोर, दोन्ही साक्षीदारांच्या देखत, डाव्या खुळखुळ्याचे मेण फोडायचे, मी घातलेली नवीन बी काढायची आणि पुडीतली घालायची. कोणती नवीन ते शोधावे लागणार नाही, तिच्यावर मी सुईने चरा मारून ठेवला आहे. मग मावशी विचारील. काय विचारील ते मी सांगू शकत नाही, पण ती गप्प बसणारी बाई नाही, माझीच बहीण आहे. तिने जे विचारले त्याचे खरे उत्तर दिले असे तिने साक्षीदारांना सांगितले, की घर मुलाचे. तिने सांगितले नाही, किंवा हा गेलाच नाही, तर घर धाकटीचे. तेव्हा ती विचारील, मला घर कशाला, आणि वकिलांनी तिला हा कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायचा. म्हणजे गोष्ट तिला कळणारच आहे. कोणाच्या तोंडून, एवढेच ठरायचे आहे.

धाकटी माझ्या आधी गेली तर मुलाने हॉलवर जायचे आणि बावीस वर्षांपूर्वी जिथे उभा होता त्याच दारात उभे राहून, आत जे कोणी वादक बसलेले असतील त्यांना सांगायचे. ओळखीचे असोत नसोत. हेल्मेट घरी ठेवून जायचे.

मुला, तू म्हणशील आईने मेल्यावर सूड घेतला. घेतला असता तर घर सरळ तिला लिहिले असते, मला कोण अडवणार होते? तुझ्या वाट्याला मी अकरा पायऱ्या ठेवल्या. मला त्या चढता आल्या नाहीत. तुझे गुडघे बरे आहेत.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला समजले, आणि कोणाला नाही समजले तर ते माझ्या अक्षरामुळे असेल, मतलबामुळे नाही. दोन्ही साक्षीदार माझ्यासमोर बसले होते, मी सही करताना त्यांनी पाहिले, त्यांनी सही करताना मी पाहिले.

सही: खुळखुळेवाली. (सही वाकडी आहे. हात माझाच आहे. मनगटाला काही झालेले नाही, तेव्हाही झाले नव्हते.)

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. सही केली. "काकू, अजून वीस वर्षं खडखडाट कराल" असे म्हणाला. त्याच्या मशीनची पट्टी तुटली आहे, ती त्याने आधी बघावी.

साक्षीदार दुसरी: कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्सबाई. सही केली. नाक पुसले, ते सर्दीमुळे असे तिने सांगितले.

व्यवस्था पाहणार: वकील. सही व शिक्का.

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल.

दिनांक: एकोणीस मार्च, दुपारचे चार.

ता. क. सह्या झाल्यावर वकिलांनी शंका काढली, म्हणून जोडते. दोन्ही साक्षीदारांनी याखालीही सही केली आहे. वाचन संपल्यावर वकिलांनी तराजूच्या खणातली पुडी काढून टेबलावर ठेवायची आणि मुलाच्या हातात द्यायची. मावशीकडे जाताना सून बरोबर गेली तरी हरकत नाही, पण ती जिन्याखाली थांबेल. नात वर जाईल, ऐकेल, आणि बोलणार नाही. वकिलांनी शब्द सुचवायचे नाहीत. शिंप्याने खोकायचे नाही. मुलाला आठवत नाही, त्याला बरे वाटत नाही, त्याच्या मनात तसे नव्हते, असे कोणी त्याच्या वतीने म्हणायचे नाही. धाकटी विचारील. उत्तर माझ्या मुलानेच द्यायचे.